चौदा चंद्रांची भिंत

हरतालिकेच्या दिवशी आमच्या माळ्यावरचा पत्र्याचा पेटारा खाली उतरतो. गणपतीच्या समया, घंटा, पंचपात्र, मखराच्या झालरी, सगळं त्यात असतं. दीड दिवसाचा देव चौपाटीवर पोचवून आलो की दुसऱ्या दिवशी, षष्ठीला सकाळी, अप्पा तो पेटारा भरतात आणि मग वर्षभर त्याला कुणी हात लावत नाही. अप्पा माझे वडील. वय अठ्ठ्याऐंशी. नजर आता माणूस आहे की कपाट, एवढं सांगण्यापुरती उरली आहे. पण बांधाबांध त्यांचीच. जुन्या धोतराच्या पट्ट्या, प्रत्येक वस्तूचं वेगळं गाठोडं, आणि वर त्यांची ती चपटी दुहेरी गाठ. ती सोडवायला माझ्या बायकोला, अनुजाला, दरवर्षी सुई लागते.

यंदा मी पेटारा उतरवला. अप्पा आरामखुर्चीतून हुकूम सोडत होते.

"सावकाश रे यतीन. साठी उलटली तुझी, पडलास तर विसर्जनाला कोण जाईल? उजवीकडची समई आधी काढ."

एक समई निघाली, दुसरी निघाली. आणि अनुजाने तिसरं लांबट गाठोडं हातात घेतलं.

"ही तिसरी कुठली हो? आणि केवढी जड!"

सुईने गाठ सुटली. धोतराच्या पट्टीतून लाल खणाची पिशवी बाहेर आली, नाडी घट्ट ओढलेली. ती उघडायची मला गरजच नव्हती. ती पिशवी भिवाच्या बायकोने, कांतावहिनींनी, आपल्या हाताने शिवून दिली होती. आत होती चंद्राची लेन्स. हातभर लांब, काळी, लोखंडासारखी वजनदार.

"काय निघालं रे?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही अप्पा. मखराचा दांडा."

अनुजा मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली. उपासाने आधीच तिचा चेहरा सुकलेला होता.

"अहो, ही तर भिवाभावोजींनी नेली होती ना?"

'नेली' हा शब्द माझाच होता. गेल्या वर्षी भर सभेत मी तो उच्चारला होता.

भिवा परळला एका स्टुडिओच्या जिन्याखाली टेबल टाकून कॅमेरे दुरुस्त करायचा. गिरणीकामगाराचा मुलगा, राहायला करी रोडला. चाळीस वर्षांमागे अप्पांचा कॅमेरा त्याच्याकडे घेऊन गेलो आणि कॅमेऱ्याबरोबर माणूसही घरी आला. अप्पांची ही जुनी लेन्स बुरशीने आंधळी झाली होती. भिवाने ती खोलली, काचा पुसल्या, नव्या कॅमेऱ्याला बसेल अशी पितळी कडी कातून दिली. तेव्हापासून आमच्या गिरगावच्या गच्चीवर आम्ही दोघे चंद्र टिपत आलो. दिवेलागणीला तिपाई मांडायची, भिवा अंधारात हातानेच रिंग फिरवायचा आणि म्हणायचा, "घे मेल्या, बसलो बघ मधोमध." बघावं तर चंद्र खरंच मधोमध असायचा, खड्डे न् खड्डे मोजावेत इतका लख्ख.

मला दुसरा नाद कीर्तनाचा. दादरच्या आमच्या कीर्तन सभेत भाद्रपदाच्या द्वितीयेपासून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत उत्सव असतो. रोज पाच वाजता कीर्तन. माइकची व्यवस्था भिवाकडे होती, चाव्या त्याच्याच कमरेला. दोन वर्षांमागे आमच्या कीर्तनकार सुंदराबाई बोलता बोलता म्हणाल्या, "चंद्राच्या कला मी जन्मभर तोंडाने दाखवल्या. कुणीतरी भिंतीवर लावा रे."

झालं! पुढच्या उत्सवाला, म्हणजे गेल्या वर्षी, भिवाने भिंतीवर चौदा खिळे ठोकले. द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत आज टिपलेला चंद्र उद्या भिंतीवर. सगळे भाद्रपदाच्या पंधरवड्यातलेच हवेत, हा त्याचा हट्ट. दुसऱ्या महिन्यातला उसना चंद्र घेतला तर ते खोटं होईल म्हणायचा.

अडलं ते चवथीपाशी. गणेशचतुर्थीचा चंद्र बघायचा नसतो. बघितला तर चोरीचा खोटा आळ येतो. आमचे चिटणीस तात्या कडाडले, "चवथीचा फोटो या भिंतीवर लागणार नाही! उद्या सगळ्या सभेवर आळ आला तर?"

"फोटो बघितला तर चंद्र बघितल्यासारखं होतं का?" मी विचारलं.

"मग फोटोतल्या देवाला हात का जोडतोस?" तात्यांनी मला गप्प केलं.

भिवाने तोड काढली. न बघता फोटो काढायचा. तृतीयेला चंद्र धरून त्याने तिपाईच्या पायांभोवती गच्चीवर खडूने खुणा केल्या, कॅमेऱ्याचं तोंड तसंच पिळून घट्ट ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा चंद्र साधारण त्याच जागी यायला हवा, असा त्याचा हिशेब. मी खाली आरतीत होतो. आरती संपली तेव्हा भिवा डोक्यावर टॉवेल घेऊन जिना उतरत होता.

"बघितला नाहीस ना?"

"नाय रे. टाकीच्या भिंतीकडे तोंड करून बटण दाबलंय. बारा वेळा. आत काय आलां ता देवाक माहीत."

कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्याने तसंच लेन्सच्या पिशवीच्या खिशात घातलं. अनंत चतुर्दशी उलटली की बघू, असं ठरलं.

पंचमीला विसर्जन झालं. संध्याकाळी पंचमीचा चंद्र टिपला. मी जिन्यात पाहुण्यांना निरोप देत होतो, तेव्हा भिवा जाता जाता म्हणाला, "लेन्स देवाच्या पाटाशी ठेवलंय रे." देव गेल्यावर रिकाम्या पाटाशी त्या रात्री दिवा तेवत असतो. मी मान हलवली. ऐकलं, की नुसतीच मान हलवली, ते आज सांगता येत नाही.

षष्ठीला दुपारी बघतो तर लेन्स नाही. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "मी देवाचं तेवढं बांधलं. तुझ्या वस्तूंना मी कशाला हात लावू?"

त्या दिवशी कीर्तनात सुंदराबाई स्यमंतक मण्याची कथा लावतात. घरोघरचे दीड दिवसाचे गणपती गेलेले असतात, चुकून कुणी चंद्र बघितला असेल तर त्या श्रवणाने दोष जातो, म्हणून सभा गच्च भरते. मध्यंतराला बुक्क्याचं ताट फिरत होतं. माझ्या कपाळावरचा बुक्का ओला होता, आणि मी सगळ्यांसमोर भिवाला म्हणालो, "तुझ्याशिवाय कुणाच्या हातात नव्हती ती. तूच नेलीस."

"पाटाशी ठेवलंय सांगितलं ना तुला?"

"पाटाशी काही नव्हतं."

पेटीवाला थांबला, ताट थांबलं. भिवाने माझ्याकडे बघितलं. मग कमरेच्या चाव्या सोडून तात्यांसमोर ठेवल्या.

"चवथीचो चंद्र बघितलंय आसतलंय मी," तो म्हणाला. "दुसरां काय?"

आणि गेला. लोकांना तेवढं पुरलं. बघितलाच होता म्हणे त्याने, स्वतःच कबूल केलं. काही जण त्याहून पुढे गेले. स्टुडिओवाल्याच्याही कानावर गेलं, आणि भिवाचं जिन्याखालचं टेबल उठलं. भिंतीवर द्वितीया, तृतीया आणि पंचमी लागल्या होत्या. बाकीचे खिळे रिकामे राहिले.

हे सगळं त्या हरतालिकेच्या दुपारी ओट्याशी उभ्या उभ्या आठवलं. मग पिशवीच्या खिशात बोट घातलं. कार्ड होतं.

मुलीचा लॅपटॉप घेऊन बसलो. बारा फोटो. बाराही निळंकाळं आभाळ. तीन फोटोंत ढगाची कड, पाचांत कोपऱ्यात कुठल्याशा क्रेनचा लाल दिवा. चंद्र एकातही नाही.

अनुजा खांद्यावरून बघत होती. "हुकला की हो."

"हुकला नाही. त्याने बघितलाच नाही," मी म्हणालो. अंधारात नुसत्या हाताने चंद्र मधोमध आणणारा माणूस तो. एकदा जरी मान वळवून बघितलं असतं, तरी बारा फोटोंत बारा चंद्र आले असते. भिवाने चंद्र बघितला नव्हता आणि लेन्सही नेली नव्हती. सभेत मला खोटा म्हणायची वेळ येऊ नये म्हणून त्याने सगळा दोष चंद्रावर घातला, आणि वर्षभर तो स्वतः वाहिला.

त्याच दुपारी करी रोडला गेलो. रस्त्यात ठिकठिकाणी मंडळांच्या मूर्ती निघालेल्या, ढोल, गुलाल. भिवा आता पुनर्वसनाच्या इमारतीत सतराव्या मजल्यावर राहतो. दार कांतावहिनींनी उघडलं. मी काही बोलायच्या आधी त्यांची नजर माझ्या हातातल्या लाल पिशवीवर गेली.

"गावली होय?" त्या म्हणाल्या. "कुठे?"

"घरातच होती, वहिनी. गणपतीच्या पेटाऱ्यात."

भिवा आत खिडकीशी एक कॅमेरा खोलून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बरां झालां."

"भिवा, माझं चुकलं. मला माफ कर."

"केलं. जा आता. उद्या देव यायचा तुझ्या घरी, कामं असतील."

मी उभाच राहिलो. वहिनी मध्ये आल्या.

"भावोजी, राग मानू नका. तुम्ही चोर म्हणालात दोनशे माणसांत, आणि माफी मागताय आमच्या फ्लॅटात. इथली माफी इथेच राहील. लिफ्टनेसुद्धा खाली जायची नाही ती. या बिल्डिंगीत शेजारच्यांनी आमच्या घरी येणं बंद केलंय, ठाऊक आहे तुम्हाला? जिथे बोललात तिथे बोला. मी येईन ऐकायला. ऐकेन आणि घरी येऊन ह्यांना सांगेन. पदरचं एक अक्षर घालणार नाही."

"कांता, पुरे," भिवा म्हणाला. पण स्क्रू फिरवणारा हात थांबला होता.

घरी आल्यावर अनुजाला सांगितलं. ती वाती करत बसली होती.

"बोला तुम्ही. बोलायलाच हवं. पण अप्पांचं नाव घेऊ नका. त्यांना कळलं की आपल्या हातून एका माणसाची अब्रू गेली, तर ते पुन्हा समईला हात लावणार नाहीत. अन्नाला तरी लावतील की नाही, देव जाणे."

देव आला. दीड दिवस घरात माणसं, मोदक, आरत्या. चवथीच्या संध्याकाळी मी गच्चीचं दार बंद करून घेतलं. पंचमीला चौपाटीवर वाळूत उभा राहून देवाला पाण्यात सोडताना मागण्यासारखं एकच होतं, आणि ते मागायचं धैर्य झालं नाही.

षष्ठीला सकाळी अप्पा पेटाऱ्याशी बसले. मी पट्ट्या पुढे करत होतो. दुसरी समई बांधून झाल्यावर त्यांचा हात जमिनीवर चाचपडत राहिला.

"यतीन, गेल्या वर्षी मी तीन बांधल्या होत्या. यंदा दोनच कशा?"

"दोनच आहेत आपल्या, अप्पा."

"असतील," ते म्हणाले. "हाताला तीन आठवतात."

मी पेटाऱ्याला कुलूप लावलं आणि चार वाजताच दादरला पोचलो. सुंदराबाई आतल्या खोलीत ज्येष्ठमध चघळत बसल्या होत्या. पंचाहत्तरी गाठलेल्या, नऊवारी, कपाळावर बुक्का. त्यांना सगळं सांगितलं, अप्पांसकट. मध्यंतरात दोन मिनिटं द्याल का, म्हणालो.

"यतीनराव, इतकी वर्षं ही कथा लावते," त्या म्हणाल्या. "कीर्तन संपलं की दरवर्षी कुणीतरी येऊन विचारतं, बाई, चंद्र बघितला हो, काय करू? आळ आला तर काय करायचं ते सगळ्यांना हवं असतं. आळ घेतला, आता काय करू, असं विचारायला आलेले तुम्ही पहिले."

"मग काय करू?"

"मला काय ठाऊक? पुराणात त्याचा उतारा नाही दिलेला. बसा समोर. जागा मी देईन."

सभा भरली. कांतावहिनी बायकांच्या बाजूला शेवटी, खांबाशी बसल्या. भिवा दिसला नाही. माइक मध्येच घरघरत होता, वर्षभर तो तसाच घरघरतोय. मध्यंतर झालं, बुक्क्याचं ताट फिरून गेलं, बाईंनी मला हाक दिली नाही. वाटलं, विसरल्या.

उत्तररंगात त्यांनी कथा लावली. सत्राजिताजवळ स्यमंतक मणी होता. त्याचा भाऊ तो गळ्यात घालून शिकारीला गेला आणि परतला नाही. सत्राजित म्हणाला, कृष्णाने मारला, मणी कृष्णाने चोरला. द्वारकेत घरोघर कुजबुज. मग देव स्वतः रानात गेला, अस्वलाच्या गुहेत शिरला, दिवसचे दिवस झुंजला आणि मणी घेऊन आला.

"आणि देवाने मणी दिला कुठे?" बाईंनी झांज थांबवली. "घरी नेऊन नाही दिला. भर सभेत सत्राजिताला बोलावलं आणि त्याच्या हातावर ठेवला. पुराण म्हणतं, सत्राजिताने मान खाली घातली. आता तो काय बोलला असेल? बोलायला हवं की नको? त्याचे शब्द माझ्यापाशी नाहीत. ज्याच्यापाशी आहेत, त्याने उठावं."

त्यांनी पेटीवाल्याला खूण केली. त्याने एकच सूर धरून ठेवला. मी उठलो.

तोंडपाठ केलेलं सगळं गेलं.

"गेल्या वर्षी," मी म्हणालो, "याच जागी, कपाळावर बुक्का असताना, मी भिवाला चोर म्हणालो. लेन्स त्याने नेली नव्हती. माझ्या घरात होती. गणपतीच्या पेटाऱ्यात, वर्षभर. भिवाने देवाच्या पाटाशी ठेवली होती, आणि तसं मला सांगितलंही होतं. दुसरं, त्याने चवथीचा चंद्र बघितला नव्हता. फोटो आहेत, कुणीही बघा. मला तुमच्यासमोर खोटं पाडायला नको, म्हणून तो तसं म्हणाला. चोरी झालीच नव्हती. मी आळ घेतला."

सूर चालूच होता. तात्या अर्धवट उठले.

"पण मग पेटाऱ्यात ठेवली कुणी?"

अप्पांचा हात डोळ्यांपुढे आला, जमिनीवर चाचपडणारा.

"घर माझं, तात्या," मी म्हणालो. "मीच."

सभेत एक लाट फिरली. मागून कुणीतरी स्पष्टच म्हणालं, "म्हणजे स्वतःच लपवली आणि बिचाऱ्या भिवावर ढकललं!" दुसरा म्हणाला, "शिकलेली माणसं ही." मी खाली बसलो. बाईंनी झांज वाजवली. पुढची कथा काय झाली, मला ऐकू आली नाही. आरतीच्या वेळी वळून बघितलं तर खांबाशी वहिनी नव्हत्या.

घरी येऊन गच्चीवर गेलो. साडेसात वाजले असतील. चौपाटीच्या बाजूला ढगांत फट पडली होती आणि तिच्यात षष्ठीचा चंद्र. तिपाई मांडली. लेन्स लावली, रिंग फिरवली. चंद्र धुरकट, दुधात बुडवल्यासारखा. पुन्हा फिरवली. तसाच.

"कितीही फिरव. काच आंधळी झाली ती."

भिवा गच्चीच्या दारात उभा होता. जिना चढून धाप लागलेली. जवळ आला, लेन्स काढली, मोबाइलचा दिवा पाडून आत बघितलं.

"बुरशी. वर्षभर माळ्यावर, पावसाळ्याची ओल. जाळं धरलंय."

"निघेल?"

"निघेल. पण काचेवर तिचा डाग राहतो. तेवढा सोसायचा."

त्याने खणाची पिशवी उचलली. पिशवीबरोबर धोतराची पट्टीही होती, मी तशीच आणली होती. ती त्याने बोटांत धरली. पट्टीच्या टोकाला दुहेरी गाठीची चपटी मोड अजून होती. बराच वेळ तो अंगठ्याने ती चाचपत राहिला.

"कांता सांगत होती, तू म्हणालास मीच ठेवली."

"हं."

"ही तुझी गाठ नाय. तुला बुटाची नाडी धड बांधता येत नाय."

मी पट्टी त्याच्या हातून घेतली आणि खिशात घातली.

"लोक वाईट बोलतायत तुला. तात्याला जाऊन सांगू काय खरं?"

"नको."

"मग हे असंच?"

"तू वर्षभर वाहिलंस ना?"

भिवाने नाक ओढलं आणि चंद्राकडे बघत राहिला. "मेल्या, परवा चवथीला गच्चीवर आला नव्हतास ना?"

"दार लावून घेतलं होतं."

"मग तुझ्यावर आळ आला कसा?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघे हसलो. हसता हसता माझे डोळे भरून आले. तो तिपाईशी वाकला आणि मला वेळ दिला.

त्या आंधळ्या काचेतून त्याने षष्ठीचा चंद्र काढला. "हाच लाव. जसा आला तसा," म्हणाला.

"आणि चवथीचा खिळा?"

"तुझ्याकडे बारा आहेत की. त्यातलो एक लाव. आभाळ तर चवथीचांच आसा."

खाली आलो तेव्हा अप्पा जागेच होते. भिवा त्यांच्या पाया पडला. अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हातानेच ओळखलं.

"भिवा? वर्षभर होतास कुठे रे?"

भिवाने एकदा माझ्याकडे बघितलं.

"गावाक गेललंय, अप्पा," तो म्हणाला. "घराचं काम काढलं होतं."

"सांगून तरी जायचं. पुढच्या वर्षी षष्ठीला सकाळी ये. समया बांधायला तू बस माझ्याजवळ. मला हल्ली मोजता येत नाही."

"येतंय," भिवा म्हणाला.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चौदावा फोटो लागला. सप्तमीपासून पुढचे सगळे लख्ख आहेत, भिवाने एका रात्रीत काचा पुसल्या. षष्ठीचा दुधात बुडालेला. चवथीच्या खिळ्यावर नुसतं निळंकाळं आभाळ आणि कोपऱ्यात क्रेनचा लाल दिवा. तात्यांनी आधी डोळ्यांवर हात घेऊन बोटांच्या फटीतून बघितलं, मग हात काढला आणि जवळ जाऊन उभे राहिले. खिशातून माइकच्या चाव्या काढल्या आणि भिवासमोर धरल्या.

सुंदराबाई नमनाला उभ्या राहिल्या. माइक घरघरला नाही.